पौर्णिमा आणि तो स्पीकर

दर पौर्णिमेला तेच! गोव्यातल्या शापोरा नदीत रात्री कयाक सोडायच्या, मग काठावर तंबू. बेत झकास. पण दहा हात पुढे गेलो नाही तोच कुणाच्या तरी पिशवीतून ब्लूटूथ स्पीकर निघतोच. अरे बाबांनो, ढणढणाटच हवा तर बागा-कळंगुट काय ओस पडलंय? वर कपाळाला बॅटऱ्या. चांदणं बघायला आलोय आणि एकमेकांचे डोळे दिपवतोय!

भरती-ओहोटीचं तर कुणाला सोयरसुतकच नाही. पौर्णिमेला उधाण. भरती चढायला लागली की खालचं पाणी उलटं, आतल्या बाजूला वाहतं. तरी "वाहत जाऊ की आरामात" म्हणत वल्ही मांडीवर घेऊन सेल्फी काढणारे महाभाग आहेतच. मग खारफुटीत अडकले की हाका कुणाला? मला.

आजी त्रिपुरारी पौर्णिमेला साखळीच्या विठ्ठलापुरात न्यायची, वाळवंटी नदीत सोडलेल्या सजवलेल्या नावा बघायला. तिथली गर्दीसुद्धा यांच्यापेक्षा परवडली.

सकाळी शेकोटीत अर्धवट जळलेले प्लास्टिकचे पेले. उचलणारे आम्ही दोघंच, बाकी मंडळी घोरतायत. आणि दुपारी ग्रुपवर मेसेज: "पुढच्या पौर्णिमेला परत?"