ट्रॉलीत अडकलेलं दहाचं नाणं

परवा रविवारी बेळगावातल्या एका सुपरमार्केटमधून सामान घेऊन बाहेर आलो. पाऊस तिरका मारत होता. पार्किंगच्या उतारावर कुणीतरी तशीच सोडलेली ट्रॉली घरंगळत आली आणि रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या एका आजींच्या नडगीवर आदळली. आजी मटकन खालीच बसल्या.

तिथले वॉचमन मामा साठीच्या पुढचे. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, दहा-बारा ट्रॉल्या एकात एक घालून चढावर ढकलत होते. मी हात लावला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे वो, रोजचंच आहे. आयतवारी गुडघे ऱ्हात न्हाईत बगा."

हे वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी जर्मनीत असते. तिथं ट्रॉलीच्या दांड्याला छोटी पेटी असते आणि मागच्या-पुढच्या ट्रॉल्या साखळीनं एकमेकींना जोडलेल्या. पेटीत एक युरोचं नाणं सारलं की साखळी सुटते. सामान गाडीत भरून ट्रॉली परत रांगेत लावायची, साखळी खोचायची, की नाणं टुणकन बाहेर. दुकानदार एक पैसाही ठेवून घेत नाही. अमेरिकेत आल्डीच्या दुकानांत पाव डॉलर लागतो, ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी एक पौंड. २०१७ साली तिथं गोल पौंड जाऊन बाराकोनी आला, तेव्हा दुकानदारांना ट्रॉल्यांची कुलपंही बदलून घ्यावी लागली.

मुलीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तर नाण्याऐवजी प्लास्टिकची चकती आहे. तिची किंमत काहीच नाही, तरी ती सोडवून घ्यायला पोरगी कडाक्याच्या थंडीत ट्रॉली जागेवर नेऊन लावते. आपली वस्तू अडकून आहे, एवढंच पुरतं. आपल्याला हे नवीन आहे का? लग्नाला भांडी भाड्यानं आणताना आपण अनामत ठेवतोच. लहानपणी सोड्याच्या रिकाम्या बाटल्या परत न्यायला आम्हा भावंडांत भांडणं व्हायची.

आपल्याकडं दहाचं नाणं चालेल. ते बाजारात कुणी घेत नाही म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय की चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. मामांची नोकरी जाईल, असं एक मित्र म्हणाला. मला नाही पटत. गेटवर माणूस लागणारच आहे, फक्त पावसात चढावर ओझं ढकलणं वाचेल.

मॅनेजर म्हणतात, गिऱ्हाईक चिडेल. मी अर्ज दिलाय, मराठीत आणि कन्नडातही. तुम्हाला पटत असेल तर या रविवारी बिल करताना काउंटरवर तुम्हीही सांगा.