बेस ड्रम चुकला की सगळ्यांचा पाय चुकतो

काही आठवड्यांपूर्वी भाच्याच्या शाळेत पालकसभा होती. बहिणीला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. आठवीच्या वर्गातल्या त्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून आम्ही सगळे बसलेलो. बँडसाठी नावं द्या, असा विषय निघाला आणि मागून एक बाबा म्हणाले, "कशाला? तास बुडतात नुसते. चालत चालत एक गाणं वाजवायचं, त्यात काय एवढं!" दोघीतिघी हसल्या. बाईंनीही "तसं बघायला गेलं तर..." म्हणत मान हलवली. मी तिथे काहीच बोलले नाही. घरी आल्यापासून मात्र ते डोक्यात घोळतंय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मी परळची. नव्वदच्या दशकात शाळेच्या बँडमध्ये होते, त्यातली तीन वर्षं बेस ड्रमवर, म्हणजे गळ्यात अडकवायच्या सगळ्यात मोठ्या ड्रमवर. आमचे बँडचे सर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, मूळचे गोव्याचे. यात नवल काही नाही. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन, म्हणजे लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचे, त्यामुळे मुंबईतल्या बँडांत आणि पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोंयकार भरपूर. सरांनी पहिला दीड महिना आमच्या हातात एकही वाद्य दिलं नाही. ग्राउंडवर फक्कीच्या रेषा आखायच्या आणि त्यावरून आम्हाला चालवायचं. कुणी कुरकुर केली की म्हणायचे, "वाजवायला कोण पण शिकतो गो. आधी चालायला शीक."

तेव्हा वाटायचं, हा माणूस छळतोय. चालता तर सगळ्यांनाच येतं की.

येत नाही. कवायतीतलं तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं. सेकंदाला दोन. बारा वर्षांच्या पोरीचं आपसूक पडणारं पाऊल तेवढं नसतं. ते ओढून ३० इंचांवर आणायचं, दर वेळी तेवढंच, खाली न बघता. शेजारणीची रांग डोळ्याच्या कोपऱ्यातून सांभाळायची, मान वळवायची नाही. हे अंगवळणी पडलं की मग तोंडाला ट्रम्पेट. आता पाऊल आपटलं की हादरा पायातून पाठीत, पाठीतून थेट ओठांवर येतो. पितळेचं माउथपीस दातांवर आदळतं. आमच्यातल्या एकीचा खालचा ओठ पहिल्या पावसापर्यंत सुजलेलाच होता. कमरेखाली मार्च आणि कमरेवर शांत पाणी, हे जमवायलाच एक वर्ष जातं. बरं, गाणं पाठ हवं आणि श्वास कुठे घ्यायचा तेही पाठ हवं, कारण लांबलचक सुराच्या मध्येच वळण आलं तरी सूर तोडता येत नाही.

वळणाचं तर वेगळंच. पाच जणींची रांग उजवीकडे वळते तेव्हा आतली जवळजवळ जागेवर कदमताल करते आणि बाहेरची ढांगा टाकत येते. ताल मात्र दोघींचा एकच. रांग सरळ राहिली पाहिजे आणि गाण्याला त्याची खबर लागता कामा नये. बाहेरच्या टोकाला सर नेहमी सगळ्यात उंच मुलगी ठेवायचे. बघणाऱ्याला वाटतं, उंचीप्रमाणे उभ्या केल्यात, छान दिसतं.

आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की बँडमध्ये कानावर पूर्ण विश्वास ठेवायचा नसतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे सतरा मीटर मागे चालणाऱ्या मुलीला पुढचा ठोका सेकंदाच्या विसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. एवढंसं वाटतं, पण पावलाच्या वेळेचा तो दहावा हिस्सा झाला. तिने ऐकून वाजवलं, तिचं ऐकून तिच्या मागचीने वाजवलं, की गाणं रबरासारखं ताणलं जातं. म्हणून डोळे पुढच्या पायांवर आणि ड्रम मेजरच्या, म्हणजे बँडपुढे चालत इशारे देणाऱ्याच्या, काठीवर. अमेरिकेत शाळा-कॉलेजांचे बँड फुटबॉलच्या मैदानभर पसरून वाजवतात. तिथे मैदानाची दोन टोकं शंभर यार्डांवर, म्हणजे आवाजाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ. कानावर गेलात की अर्धं पाऊल मागे पडलात. ते लोक टाच आधी टेकवून तळवा हळूहळू लोळवत चालतात, पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे साडेबावीस इंचांचं एक. पद्धत वेगळी, दुखणं तेच.

आता माझ्या बेस ड्रमबद्दल. तो मला मिळाला तेव्हा आई म्हणाली, "मुलीच्या जातीला ढोल कशाला?" आजी म्हणाली, "वाजवू दे गं, निदान पाट वाचतील." कारण त्याआधी वर्षभर मी साइड ड्रमच्या काठ्यांनी घरातले पाट बडवत होते. उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. या पॅराडिडलने, म्हणजे काठ्यांच्या सरावाच्या बोलाने, आमच्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना वेड लागायची पाळी आली होती. कात्री वाजवली की घरात भांडणं होतात म्हणतात. आमच्याकडे पाटाने झाली.

बेस ड्रम गळ्यात अडकवला की समोर त्याचा घेर. आपले पाय दिसत नाहीत, माझ्या उंचीला तर पुढचीचे पायही नीट दिसायचे नाहीत. आणि गंमत बघा, जिला काही दिसत नाही तिच्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय. मोठा ठोका डाव्या पायावर. गाणं थांबवायचं असलं की ठरलेला दुहेरी ठोका, ढम्‌ढम्, तोही मीच द्यायचा. ट्रम्पेटवालीचा सूर फाटला तर गर्दीला कळतो, पण पुढे जातो. बेस ड्रम चुकला तर गर्दीला कळत नाही, बँड मात्र मोडतो.

माझा चुकला. एका स्पर्धेत, सलामीच्या मंचासमोर. आम्हाला सकाळी सात वाजता आणून उभं केलं होतं. पाहुणे नऊला यायचे ते अकराला आले. तोवर सावलीत जायचं नाही, कारण रांग मोडेल. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. आयोजक चहा पीत होते. शेवटी तेज चल मिळालं, वळण आलं, आणि मी एक क्षण, अक्षरशः एक क्षण, पाहुण्यांच्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं. ठोका उजव्या पायावर पडला. अर्ध्या मुलींनी इमानदारीने माझं ऐकून पाय बदलला, अर्ध्यांनी पुढचे पाय बघून बदलला नाही. चाळीस मुलींची ती रांग खिचडी झाल्यासारखी हलली. मला मागच्या बाजूने फक्त बुटांचा आवाज ऐकू आला. एकसाथ पडणाऱ्या बुटांचा आवाज एक असतो, तो फुटला की मूठभर वाटाणे सांडल्यासारखं वाटतं. आजही तो कानात आहे.

सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्यांनी मला ड्रम गळ्यात घालून, काठ्या न घेता, शाळेच्या व्हरांड्यातून चालवलं. फेरी संपली की विचारायचे, "आता कुठला पाय?" मी बघायला खाली वाकले की पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशीच्या बातमीत पाहुणे काय बोलले ते होतं. आमच्याबद्दल "बँडपथकाने स्वागत केले" एवढंच. माझं खरं भांडण इथे आहे. नाचाला, नाटकाला आपण कला म्हणतो, धावण्याला खेळ म्हणतो. बँडमध्ये दोन्ही एकाच वेळी चालतं, आणि आपण त्याला स्वागताच्या कमानीसारखं वापरतो. भाषेतही बघा. फजिती झाली की आपण म्हणतो, "त्याचा बँड वाजला." आजवर एकाही कौतुकाच्या वाक्यात बँड ऐकलेला नाही.

कुणीतरी आता म्हणेल, हे इंग्रजांचं, आपलं ढोल-ताशा बघा. अहो, बघते की! गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत ताशेवाल्याच्या एका इशाऱ्यावर शंभर ढोल वळतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. तिथेही आधी दोन-दोन महिने मैदानात घाम गाळलेला असतो. लालबागच्या गणपतीपुढे बेंजोवाले गर्दीत मुंगीच्या पावलांनी तासन्‌तास सरकत वाजवतात, ते तर मला कधीच जमलं नसतं. वाद्य कुठून आलं यापेक्षा मला ते वाजवणाऱ्याच्या पिंढऱ्या दिसतात. इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ ला गेटवेमधून निघून गेली, बिगुल इथेच राहिला. दोन-चार वर्षांपूर्वी आपल्या मुंबई पोलिसांच्या बँडचे 'खाकी स्टुडिओ'चे व्हिडिओ घरोघरी फिरले तेव्हा लोक म्हणाले, पोलीस इतकं छान वाजवतात? ते कायमच वाजवत होते. २६ जानेवारीला आणि १ मे रोजी शिवाजी पार्कच्या संचलनात वाजवतात तेव्हा आपण दुसऱ्याच कशाचे तरी फोटो काढत असतो.

कधी नौदल दिनाच्या सुमाराला गेटवेवर बीटिंग रिट्रीट, म्हणजे संध्याकाळचा बँड-संचलनाचा सोहळा, असेल तर जा. काउंटर मार्च बघा. अख्खा बँड पुढून मागे वळतो आणि स्वतःच्याच रांगांमधून आरपार निघून जातो, गाणं चालूच. खांद्याला खांदा घासेल इतकं अंतर, आणि मधून ट्रॉम्बोनच्या नळ्या पुढे-मागे होत असतात.

ट्रॉम्बोनवरून आठवलं. त्या सभेनंतर भाच्याचा फॉर्म मी भरून दिला. त्याला ट्रॉम्बोन मिळालाय. नळी सरकवायच्या सात जागा, एकावरही खूण नाही, सगळं कानाने. सातवी जागा इतकी लांब की त्याचा हात अजून तिथे पोचत नाही, मग खांदा पुढे काढतो. समोरच्याच्या पाठीत नळी जाऊ नये म्हणून ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत ठेवतात, म्हणजे बघायला कुणाचे पायही नाहीत. म्हणून तो रोज संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत वाजवतो. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली होती. काल त्या मला जिन्यात भेटल्या.

"काय गं, तो प्रत्येक फेरीला एकाच ठिकाणी का अडखळतो? गाणं तर येतं त्याला."

"तिथे पाइप आडवा आहे काकू. खाली बघायचं नाही, असं सांगितलंय मी."