पिशवीला शिवणारे कावळे

दादा-वहिनी एप्रिलमध्ये आमच्याकडे टोकियोला दहा दिवस येऊन गेले. साकुरा, फुजी, क्योतो, सगळं यथासांग झालं. परत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी दादाने कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निबंध टाकला. (सोसायटी माहेरची, पण अठरा वर्षं झाली तरी तोंडात ‘आमची’च येतं.) निबंध असा: ‘टोकियोत रस्त्यावर कचराकुंडी औषधालासुद्धा नाही आणि कचराही नाही. केळ्याचं साल मी चार तास खिशात घेऊन फिरलो. शाळेतली पोरं शाळा स्वतः झाडतात, पुसतात. लोकलमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. शिस्त त्यांच्या रक्तात आहे, आपल्या नाही. विषय संपला.’

विषय कसला संपतोय. सोसायटीत ओल्या-सुक्यावरून आधीच धुमसत होतं. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी, मिसळलेला कचरा नेणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि निम्म्या घरांना तो अपमान वाटला होता. त्यात दादाचं जपान पडलं. ‘त्यांची लोकसंख्या बघा आणि आपली बघा.’ ‘एवढं आवडलं तर तिकडेच राहायचं होतं.’ ‘पैसे देतो ना, मग वेगळं करायचं काम आमचं का?’ शेवटी वहिनीने मला ओढलं: ‘तूच सांग गं, तू राहतेस तिथे.’ त्याखाली लगेच एका काकांचं: ‘परदेशातल्यांनी लांबून शिकवू नये. अठरा वर्षांत एका तरी मीटिंगला आल्या का?’

मी ऑफिसच्या वाटेवर, तोझाई मेट्रो लाइनच्या गर्दीत, हे वाचलं आणि मला दोन्ही बाजूंचा सारखाच संताप आला. काकांचा जरा जास्त, कारण ते बरोबर बोलत होते.

आधी दादाचं. ते केळ्याचं साल त्याच्या खिशात नव्हतं, माझ्या पर्समध्ये होतं. त्याने खाल्लं, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातात दिलं. पुरुषांची शिस्त बहुधा अशीच असते.

आणि कुंड्या नाहीत त्यामागे ऋषिमुनींची परंपरा वगैरे नाही. २० मार्च १९९५ ला ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी इथल्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. माणसं मेली, हजारो आजारी पडली. त्यानंतर स्टेशनांवरच्या आणि सार्वजनिक जागांवरच्या कुंड्या धडाधड उचलल्या गेल्या, न जाणो कुणी त्यात काही ठेवलं तर. बऱ्याच परत आल्याच नाहीत. म्हणजे दादा ज्याला संस्कृती समजून मनोमन नमस्कार करून आला, तो निम्मा पोलिसी बंदोबस्त आहे. उरलेल्या निम्म्यासाठी त्याला हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शिबुयाला न्यायला हवं होतं. तिथल्या वॉर्डाला रात्री रस्त्यावर दारू प्यायला बंदी घालावी लागली, २०२४ पासून तर वर्षभर. रक्त तेच, बरं का.

रक्ताचीच गोष्ट काढली आहे तर १९६५ चा उन्हाळा सांगते. टोकियोचं ऑलिंपिक होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या शेजारच्या कोतो वॉर्डात घराघरांत माश्यांचे थवे घुसले. त्या येत होत्या युमेनोशिमाहून. नावाचा अर्थ ‘स्वप्नांचं बेट’, आणि होतं काय, तर टोकियोचा कचरा ओतून ओतून खाडीत तयार झालेली जमीन. शहरभरातून गाड्या यायच्या त्या कोतोतूनच जायच्या, सांडत, गळत. १९७१ मध्ये टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्योकिची यांनी ‘कचरायुद्ध’ जाहीर केलं, शब्दच तो. प्रत्येक वॉर्डाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळावा असं ठरत होतं. पश्चिमेकडचा सुगिनामी, बऱ्या घरांचा वॉर्ड, म्हणाला आमच्या दारात भट्टी नको. कोतोवाले म्हणाले, मग तुमचा कचरा आमच्या दारात नको. १९७३ मध्ये त्यांनी सुगिनामीच्या गाड्या रस्त्यात अडवल्या. खुद्द वॉर्डाचे लोक, अधिकारी, सगळे उतरले होते. सुगिनामीची भट्टी उभी राहायला १९८२ उजाडलं.

हे वाचलं तेव्हा मला टोकियो दिसलंच नाही, पुण्याजवळची फुरसुंगी दिसली. आमच्या लहानपणी पुण्याचा कचरा डेपो कोथरूडलाच होता, पौड रोडला. मग तो उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी गेला, कोथरूडला चांगले दिवस आले, आणि डेपोच्या जागेवर आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. गावकऱ्यांच्या विहिरी नासल्या. ते गाड्या अडवायचे, इकडे चौकाचौकात ढीग साचायचे, आणि आम्ही नाकाला रुमाल लावून नावं कुणाला ठेवायचो? त्यांनाच. काका, या कथेतलं सुगिनामी म्हणजे आपण. हे मी ग्रुपवर लिहिणार होते. लिहिलंही होतं, पाठवलं नाही.

आता माझ्या शिस्तीबद्दल. आम्ही राहतो टोकियोच्या पूर्वेकडच्या निशी-कासाईत. आठवड्याचे दोन दिवस जळाऊ कचऱ्याचे, प्लास्टिकचा वेगळा, बाटल्या-डबे-कागद यांचा वेगळा. सकाळी आठच्या आत कोपऱ्यावरच्या ठरलेल्या जागी पिशवी ठेवायची आणि वरून जाळी नीट ओढून घ्यायची, कावळ्यांसाठी. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना म्हणून माणसं ताटकळत उभी राहतात. इथला कावळा पिशवीला हमखास शिवतो.

पहिल्याच वर्षी माझी पिशवी उचललीच गेली नाही. वर एक स्टिकर आणि आजूबाजूची जागा लख्ख रिकामी, मधोमध ती एकटी. मी ऑफिसला निघून गेले होते. संध्याकाळी दार वाजलं. शेजारच्या आजी, हातात माझी पिशवी. पिशवी माझीच हे त्यांना कसं कळलं? आत लोणच्याचं रिकामं पाकीट होतं, तेलकट, वर देवनागरी. त्या गल्लीत तेव्हा देवनागरी खाणारं घर एकच. आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसत होत्या. ‘अवघड असतं ना हे,’ म्हणाल्या, आणि माझ्याच दारात उकिडव्या बसून, पाकीट इकडे, बाटलीचं झाकण तिकडे, वरचा लेबलचा कागद सोलून तिसरीकडे, असं सगळं लावून दिलं. त्या हसण्याची मला आजही भीती वाटते.

म्हणून मी दह्याचा डबा धुते, दुधाचा खोका कापून, धुऊन, वाळवून सुपरमार्केटात नेऊन टाकते. पर्यावरणाचा नंबर त्यानंतर. आणि हेही सांगून टाकते की एवढं धुऊन-पुसूनही या देशात घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्यातला पुनर्वापरात जातो तो २० टक्क्यांच्या आसपास. बहुतेक सगळं जाळलं जातं, उत्तम भट्ट्यांत, धूर गाळून. तरीही, कोपऱ्यावर काही चुकलेलं दिसलं की नजरा आधी परदेशी माणसाच्या खिडकीकडे जातात. कुणी काही बोलत नाही. बोलत नाहीत हेच तर.

शाळेचं. माझा मुलगा चौथीत आहे. रोज सगळी मुलं वर्ग झाडतात, ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, ढुंगण वर करून, लाकडी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जातात. फडक्याला झोकिन म्हणतात, मराठीत पोतेरं. प्रत्येकाने घरून दोन आणायची. शंभर येनच्या दुकानात तयार मिळतात, पण पहिलीला मी हौसेने आजीच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा चौपदरी करून, धावदोरा घालून दिला. हिरवा, बारीक चौकडीचा. संध्याकाळी पोराने दप्तर ठेवलं आणि म्हणाला, ‘आई, पांढरं दे. सगळ्यांचं पांढरं आहे.’ कुणी हसलं का विचारलं तर नाही म्हणाला. बाईंनी उलट ‘सुंदर आहे’ म्हटलं होतं. तेच त्याला नको होतं.

हेच झाडणं-पुसणं आपल्या ग्रुपवर ‘जपानकडून शिका’ म्हणून दर महिन्याला फिरतं. शिका की. पण आपल्याकडे शाळेत मुलांना संडास धुवायला लावल्याची बातमी आली की लोक भडकतात, आणि त्यांचं भडकणं मला चूक वाटत नाही. कारण आपल्याकडे ‘मुलं’ म्हणजे नेमकी कुठली मुलं, हा प्रश्न पहिला असतो. इथे डॉक्टरच्या आणि ट्रक ड्रायव्हरच्या पोराच्या हातात एकच फडकं असतं. जपानलाही याचा इतिहास आहे. कातडी कमावणाऱ्यांना, खाटकांना वेगळ्या वस्त्यांत ठेवायचे. १८७१ मध्ये कायद्याने ते संपलं, पण बुराकू, म्हणजे त्या वस्त्या, हा शब्द अजूनही माणसं खाली आवाजात उच्चारतात. फॉरवर्डमध्ये हे नसतं. आणि पुण्यात तर कचरावेचक बायकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार जाऊन कचरा नेते. असं टोकियोने आपल्याकडून शिकावं, असं कुणी का नाही लिहीत?

बघा, लागले मी पुण्याची बाजू घ्यायला. इथे ऑफिसात कुणी म्हणालं की इंडिया फार अस्वच्छ ना, तर मी फुरसुंगी विसरून पाताळेश्वर आणि पर्वतीचे फोटो दाखवते. आणि तिथे कुणी जपानला नावं ठेवली की निर्धारित वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून माफी मागणारी ट्रेन काढते. (ती खरीच आहे, त्सुकुबा एक्स्प्रेस, २०१७.) जिथे असेन तिथे दुसरीकडची वकील.

पण वकिलाने आपलाही गुन्हा सांगावा. गेल्या दिवाळीत कोथरूडला होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी पिस्त्यांची टरफलं, दुधाच्या पिशव्या, फराळाच्या पुठ्ठ्याची खोकी, कालची भाजी, हे सगळं मी एका पिशवीत कोंबलं आणि गाठ मारून दाराबाहेर ठेवलं. आई म्हणाली, ‘अगं, हिरवा डबा आहे ना.’ मी म्हटलं, ‘असू दे गं, दोन दिवसांसाठी काय.’ अठरा वर्षं दह्याचा डबा धुणारी मी. सकाळी दार उघडलं तर कचऱ्याच्या ताई जिन्यातच बसून माझी पिशवी सोडत होत्या. उघड्या हातांनी भाजी एकीकडे, खोकी एकीकडे. तशाच उकिडव्या, तसंच सगळं लावत. त्यांनी वर बघितलं.

‘ताई, तुम्ही जपानच्या ना?’

टोमणा नव्हता तो. आईने सांगितलं असेल, लेक आली आहे जपानची, म्हणून विचारलं, इतकंच. मी ‘हो’ म्हणाले.

मी खरंच जपानची आहे का, त्याचा एक कागद माझ्याकडे आहे. आमचा एदोगावा वॉर्ड बराचसा समुद्रसपाटीखाली. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचं पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्या भागावर लिहिलं होतं: ‘इथे राहायचं नाही.’ म्हणजे, पूर येतोय म्हटल्यावर थांबू नका, वेळेत लांब निघून जा. सगळ्या घरांना ते गेलं, जपानी घरांनासुद्धा. शेजारच्या आजींनी ते फ्रिजला लावलं आणि विसरल्या. मी मात्र ते पुन्हा पुन्हा वाचत बसले होते. कायमच्या वास्तव्याचा शिक्का हातात असताना.

काकांना उत्तर द्यायचं राहिलंच होतं. रविवारी सायकल काढली, अराकावा नदीचा पूल ओलांडला आणि युमेनोशिमाला गेले. माश्यांच्या त्याच बेटावर आता बाग आहे, आणि बागेत काचेच्या घुमटांचं उष्णकटिबंधीय वनस्पतिगृह. त्याला लागणारी ऊब शेजारच्या भट्टीतून येते. आमचाच कचरा जळतो, त्यावर पाणी तापतं, ते पाणी इथे येतं. जानेवारीत बाहेर बोटं आखडतात तेव्हा मी मुद्दाम येते. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि काही वेळ काही दिसत नाही, नुसता वास येतो, ओल्या मातीचा, कुजत्या पानांचा, मावशीच्या गुहागरच्या परसातला. चष्मा पुसला की केवड्याच्या जातीचं एक झाड दिसतं, जपानच्याच ओगासावारा बेटांवरचं, मुळांच्या काठ्या टेकून उभं.

आत्ता थंडी नव्हती, तरी तिथे अर्धा तास बसले. लिहिलेलं सगळं खोडलं. सुगिनामी, फुरसुंगी, सारिन, झोकिन, सगळं. त्या झाडाचा फोटो काढला आणि तेवढाच ग्रुपवर टाकला.

दादाचा मेसेज मिनिटात आला. ‘गुहागरला कधी गेलीस? सांगितलं नाहीस.’

अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या जळाऊचा दिवस आहे, पिशवी बांधायची आहे.