पिवळ्या दिव्याची फिर्याद

मोटारीच्या डॅशबोर्डवरचे बाकी सारे दिवे सरळमार्गी असतात. पेट्रोलचा दिवा पेट्रोल मागतो, दरवाजाचा दिवा दरवाजा लावायला सांगतो. इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा मात्र काहीतरी बिघडले आहे एवढेच कळवून गप्प बसतो, आणि गाडी नेहमीसारखीच धावत असल्यामुळे मालकाला धड दुःखही करता येत नाही. तो लुकलुकत असेल, तर मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावत आहे असे समजून गाडी थांबवावी. स्थिर असेल तर आपण संशयात दिवस काढावेत.

आमचा दिवा स्थिर होता. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी बॉनेट न उघडताच "पेट्रोलमध्ये कचरा" असा निर्वाळा दिला. उभी हयात कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणक नसलेल्या जुन्या गाडीत काढलेले सासरे म्हणाले, "बॅटरीची वायर काढून पुन्हा लावा, जातो दिवा." जातो हे खरे, पण त्याबरोबर इंजिनावर देखरेख ठेवणाऱ्या संगणकाने जमवलेला पुरावाही जातो, आणि दुखणे जागेवरच असल्याने दिवा यथावकाश परततो. न्यू जर्सीतल्या मेहुण्यांनी व्हिडिओ कॉलवर पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करायला लावले. त्यांच्याकडे टाकीतून बाहेर पडणाऱ्या वाफेवरही संगणकाची नजर असल्याने सैल झाकणानेसुद्धा हा दिवा लागू शकतो. आम्ही झाकण इतके आवळले की पुढच्या वेळी पंपावरच्या मुलाला ते दोन्ही हातांनी उघडावे लागले. दिवा तसाच.

शेवटी मी संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे ब्लूटूथचे यंत्र मागवले. ते लावायचे सोळा पिनांचे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीचे झाले. आपल्याकडे गाडीनेच आपला बिघाड नोंदवण्याच्या या पद्धतीचा (ओबीडीचा) दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून आला. सॉकेट चालकाच्या हाताशी असावे, अशी नियम करणाऱ्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याचे दर्शन घेण्यासाठी मला पाय दाराबाहेर काढून, मान ब्रेकच्या पेडलखाली घालून उताणे पडावे लागले, आणि त्या अवस्थेत वॉचमनने "साहेब, पाणी आणू का?" असे अत्यंत काळजीने विचारले.

कोड निघाला पी०१७१. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक असलेला कोड (तेथे एक असता तर तो कंपनीचा खासगी मामला असतो आणि फुकटातली अ‍ॅप्स बहुधा हात वर करतात). त्यानंतरचा एक म्हणजे इंधन आणि हवा यांचा हिशेब. एकूण तक्रार अशी की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी आहे. "एवढं पेट्रोल ओततोय, तरी कमीच?" अशी पत्नीची प्रतिक्रिया झाली.

मिस्त्रींनी कोड ऐकताच निदान बदलले. "ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा टाकू." वस्तुतः ही तक्रार धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्याच सेन्सरच्या साक्षीवरून नोंदवलेली होती, चोरीची वर्दी देणाऱ्या रखवालदारालाच कामावरून काढावे, तसला हा न्याय. कोड तक्रार सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. पण हे ऐकून घेण्याची सवड सुटे भाग विकणाऱ्याला नसते आणि गाडीच्या मालकाला धीर नसतो.

म्हणून मी फ्युएल ट्रिमचे आकडे पाहायचे ठरवले. आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल संगणक जास्त किंवा कमी सोडतो आहे, ते या आकड्यांवरून कळते. गाडी जागेवर चालू असताना हा आकडा वीस टक्क्यांच्या वर होता. "आता अडीच हजारावर धर," असे मी पत्नीला ओरडून सांगितले, तेव्हा बाजूने जाणारे शेजारचे काका थबकून म्हणाले, "अडीच हजार? फारच घेतो की हा!" इंजिनाचे मिनिटाचे फेरे अडीच हजारांवर जाताच आकडा जवळजवळ शून्याकडे उतरला. याचा अर्थ आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती: इंजिन थोडी हवा ओढत असताना ती डोईजड होते, भरपूर ओढू लागले की त्या मानाने किरकोळ ठरते.

चीर सापडली ती मिस्त्रींच्या हाताखालच्या पोऱ्याला. त्याने कान लावून फुसफुस ऐकली, तेथे कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारला आणि तो आत ओढला जाऊन इंजिनाचा सूर बदललेला पाहून रबरी पाइप दुमडून दाखवला. वाकणाच्या खालच्या अंगाला नखभर भेग होती. नवा पाइप सेन्सरच्या मानाने किरकोळ किमतीत आला. "म्हटलं होतं ना, कचरा," मिस्त्री म्हणाले.

दिवा तरीही लगेच मालवला नाही. तपासणीच्या सलग तीन फेऱ्या निर्दोष पार पडल्याशिवाय संगणकाचे समाधान होत नाही, आणि नंतरही इंजिन निदान चाळीस वेळा थंडाचे गरम होईपर्यंत तो जुनी नोंद बाळगून असतो.

दिवा गेल्याची बातमी मात्र इमारतीत तत्काळ पसरली. काका संध्याकाळी किल्ली घेऊन हजर झाले. त्यांच्या डॅशबोर्डवर कोणताच दिवा नव्हता, तरीही तपासणीचा आग्रह होता. मी पुन्हा उताणा पडलो, यंत्र जोडले आणि एकही कोड नसल्याचे त्यांना दाखवले. त्यांनी फोन हातात घेऊन पडदा वरखाली सरकवला, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि स्पष्ट नाराजीने म्हणाले, "तुमचं यंत्र साधं दिसतंय."