आयडलिंगची तक्रार आणि कूलंटचं बिल: तुमच्या अभिप्रायाला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. इथे वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १६०० सीसी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १२०० ते १८०० अशी सतत वर-खाली व्हायची. तुमच्या मते हे स्क्रू फिरवून दहा मिनिटांत होणारं काम होतं. आम्ही मात्र गाडी बरेच दिवस ठेवली, आयडलिंगशी संबंध नसलेलं कूलंट, नळ्या आणि गॅस्केट बिलात लावले, खराब असणार असं तुम्ही सांगितलेला आयडल व्हॉल्व्ह बदलला नाही, आणि सकाळी स्टार्ट केल्यावर रेस आजही १४००ला जाते.

आधी स्क्रूबद्दल. गाडी आली तेव्हा थ्रॉटल बॉडीवरच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी चकती जिच्यात असते ती) रबरी टोपीखालचा एअर स्क्रू पूर्ण आत, तळाला टेकलेला होता. जॉब कार्डवर तशी नोंद आहे. म्हणजे त्या स्क्रूने जेवढी हवा अडवता येते तेवढी कुणीतरी आधीच अडवली होती आणि तरीही रेस उतरत नव्हती. फिरवण्यासारखा उरतो तो थ्रॉटलच्या लिव्हरला टेकणारा स्टॉप स्क्रू. तो कंपनीतून सेट होऊन येतो आणि त्याला हात लावायचा नसतो. तो सैल केला की थ्रॉटलची चकती बोअरच्या भिंतीवर घासते, तिथे खाच पडते आणि ॲक्सिलरेटर पहिल्यांदा दाबताना अडकल्यासारखा लागतो. आवळला, तर थ्रॉटल बंद असल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगणारा स्विच उघडाच राहतो. दोन्हीकडून मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर एक नवा तयार होतो. तुमच्या गाडीत हा स्क्रू सुदैवाने जागचा हललेला नव्हता.

पेट्रोल इंजिनाची रेस वाढलेली राहते ती आत जादा हवा जाते म्हणून. त्यामुळे पहिला प्रश्न, हवा कुठून जाते. रेस वर-खाली होत होती याचाही इथे उपयोग झाला. थ्रॉटल बंद आहे पण इंजिन जोरात फिरतंय असं ईसीयूला दिसलं की ते पेट्रोल तोडतं, रेस पडते, पेट्रोल पुन्हा सुरू होतं, रेस चढते. हे चक्र चालू होतं म्हणजे थ्रॉटल खरोखर बंद होता आणि त्याचा स्विचही काम करत होता. ॲक्सिलरेटर केबल ताणलेली असती तर रेस बहुधा एका जागी स्थिर अडकली असती. केबलची ढील तरीही तपासली, बरोबर होती.

दुसरी खूण हवा मोजणाऱ्या मीटरची. या १६०० इंजिनात झडपेचा एअरफ्लो मीटर आहे. मीटर आणि इंजिन यांच्या मधली नळी फाटली किंवा मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट गेलं, तर तिथून शिरणारी हवा मोजली जात नाही, तिच्या हिशेबाचं पेट्रोल पडत नाही आणि इंजिन लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) झटके देतं, अडखळतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांमध्ये व्हॅक्यूम लीकने रेस सरळ वाढते, इथे सहसा तसं होत नाही. तुमचं इंजिन १८००ला चढताना गुळगुळीत चढत होतं, म्हणजे जादा हवा मोजूनच आत येत होती. तरी स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) केली आणि ब्रेक बूस्टरची नळी दाबून पाहिली. काही सापडलं नाही. ठिणगीचं टायमिंगही तपासलं, कारण ते पुढे सरकवलं तर रेस वाढते आणि या गाड्यांमध्ये पिकअपसाठी ते सरकवण्याची हौस पुष्कळांना असते. ते १० अंशांवरच होतं.

थ्रॉटल बंद, स्क्रू बंद, लीक नाही. मग मोजलेली हवा जाण्यासाठी एकच वाट उरते, थ्रॉटल बॉडीच्या खाली बसवलेला आयडल व्हॉल्व्ह. तुमचा अंदाज इथपर्यंत बरोबर होता. पण या व्हॉल्व्हच्या पोटात दोन वेगळी यंत्रं आहेत. एक विजेचं, ज्याला ईसीयू चालवतं. दुसऱ्यात मेणाची गोळी आहे आणि तिचा विजेशी काही संबंध नाही. गोळीभोवती इंजिनाचं कूलंट फिरतं. इंजिन थंड असताना मेण आकसलेलं असतं, वाट उघडी राहते आणि रेस जास्त मिळते. कूलंट तापलं की मेण फुगतं आणि वाट बंद करतं. गरम कूलंट तिथे पोचलंच नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी इंजिन अजून थंडच आहे.

गरम इंजिनावर व्हॉल्व्हचा प्लग काढला, रेस जवळपास तेवढीच राहिली. म्हणजे विजेचा भाग दोषी नव्हता. कॉइलचा रेझिस्टन्स ११ ते १२ ओहमच्या दरम्यान आला, जसा हवा तसा. मग थ्रॉटल बॉडीकडे येणाऱ्या दोन बारीक कूलंट नळ्या हाताने तपासल्या. वरचा रेडिएटर होस हात ठेववत नाही इतका तापलेला आणि ह्या दोन्ही नळ्या जेमतेम कोमट. तुमच्या आयडलिंगच्या तक्रारीत कूलंट कुठून आलं याचं उत्तर त्या दोन नळ्यांत आहे.

व्हॉल्व्ह काढायचा तर थ्रॉटल बॉडी उतरवावी लागते, म्हणून गॅस्केट. व्हॉल्व्हचे स्क्रू जपानी मापाचे क्रॉस असतात. साधा फिलिप्स लावला तर तो घसरून डोकं गोल करतो, आणि ॲल्युमिनियममध्ये इतकी वर्षं बसलेला स्क्रू मग ड्रिल करूनच निघतो. म्हणून योग्य बिट, पेनिट्रेटिंग ऑइल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरने तो सावकाश सोडवला. आतला कूलंटचा मार्ग पांढरट-तपकिरी खरपुडीने जवळजवळ बुजला होता, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढते तशीच. कुणीतरी रेडिएटर वर्षानुवर्षं नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरत आलं होतं. खरपुडी काढल्यावर व्हॉल्व्ह गरम पाण्यात धरून फुंकून पाहिला. थंड असताना हवा आरपार जात होती, तापल्यावर वाट बंद झाली. मेण शाबूत आहे, कॉइल शाबूत आहे, मग नवा व्हॉल्व्ह कशासाठी? माझदाने ही गाडी भारतात कधी विकलीच नाही, त्यामुळे तो बाहेरून मागवावा लागतो आणि स्वस्त मिळत नाही. शिवाय तुंबलेल्या नळ्यांवर नवा व्हॉल्व्ह बसवला असता तरी रेस तिथेच राहिली असती. हा खर्च आम्ही जाणूनबुजून टाळला.

दोन्ही नळ्या कडक होऊन टोकांना तडकल्या होत्या. त्या मापाच्या नळ्या नाना पेठेत मिळतात, पण घेताना कूलंटची ईपीडीएम रबराची नळीच मागावी लागते. पेट्रोलची नळी त्याच जाडीची दिसते, पण गरम कूलंटमध्ये ती टिकत नाही. थ्रॉटल बॉडीचं गॅस्केट मात्र बाहेरूनच मागवावं लागलं आणि गाडी थांबली त्यातला बराच वेळ त्यात गेला. हे तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. कागद कापून गॅस्केट बनवता येतं, पण ते नीट बसलं नाही तर जी हवा शोधण्यात इतका वेळ घातला तीच नव्या ठिकाणाहून आत येते.

कूलंट बदलणं भागच होतं. सिस्टिम साधारण ६ लिटरची आहे, त्यात निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं. भरताना गाडीचं नाक वर उचलून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, कॅप उघडी ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवावं लागतं. हवा अडकून राहिली तर ती याच बारीक नळ्यांत जाऊन बसू शकते आणि रेस पुन्हा चढते. आणि हा प्रश्न नुसत्या आयडलिंगचा नाही. व्हॉल्व्हमध्ये खरपुडी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांमध्येही ती आहे असंच धरून चालावं लागतं. एप्रिलच्या दुपारी खंबाटकी चढताना ॲल्युमिनियमचं हेड तापलं की हेड गॅस्केटचं काम निघतं, आणि त्या बिलापुढे हे बिल काहीच नाही. रेडिएटर फ्लश केलाय, पण पुढच्या उन्हाळ्याआधी एकदा फ्लो तपासून घ्या.

शेवटी तो एअर स्क्रू फिरवलाच, पण बाहेरच्या दिशेने. हवेची चोरवाट बंद झाल्यावर तळाला टेकलेल्या स्क्रूवर इंजिन बंद पडायला लागलं होतं, हेही अपेक्षितच. सेटिंग करताना डायग्नोसिस बॉक्समध्ये (बॉनेटखालच्या तपासणीच्या जोडणीत) टीईएन आणि जीएनडी ही दोन टर्मिनल वायरने जोडावी लागतात, नाहीतर तुम्ही स्क्रूने जे करता ते ईसीयू व्हॉल्व्हने लगेच भरून काढतं आणि सेटिंग खोटी लागते. इंजिन पूर्ण गरम, रेडिएटरचा पंखा थांबलेला, एसी आणि दिवे बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. कंपनीचा आकडा ८५०, पन्नास इकडे-तिकडे. डॅशबोर्डच्या काट्यावर पन्नासाचा फरक नीट वाचता येत नाही, म्हणून बाहेरचा टॅकोमीटर लावला. गाडी तुम्हाला दिली तेव्हा ८५० होती.

आता सकाळचे १४००. हा दोष नाही, व्हॉल्व्ह पुन्हा कामाला लागल्याची खूण आहे. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाला तेवढी रेस लागते, पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत थोडी जास्तही. बघायचं ते एवढंच की टेम्परेचरचा काटा चढत जाईल तशी रेस एकसारखी उतरते का. काटा जागेवर स्थिरावल्यावर ती ९००च्या आत यायला हवी. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा भार झेलायला ईसीयू ती थोडी वर घेईल, तेही बरोबरच आहे. पण काटा स्थिर झाल्यावरही एसी बंद असताना रेस हजाराच्या वर राहिली, तर आधी इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप उघडून कूलंटची पातळी बघा. कमी झालं असेल तर फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचं मिश्रणच घाला, घरातलं पाणी नको.

तरीही शंका असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी इथे सोडा. सकाळी थंड इंजिनावर तुमच्यासमोर स्टार्ट करू, टॅकोमीटर लावून रेस उतरताना दाखवू, त्याचे पैसे नाहीत. काढलेल्या नळ्या आणि व्हॉल्व्हमधून निघालेली खरपुडी तुमच्या जॉब कार्डसोबत पिशवीत ठेवलेली आहे, तीही तेव्हाच बघून घ्या.