नमनाला घडाभर तेल

गळक्या नळाचा वॉशर बदलायला सूचना लागतात मोजून पाच. मुख्य कॉक बंद करा. नळ उघडून आतलं उरलंसुरलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर मुठीचा स्क्रू थेट पाताळात. मूठ काढून वरचा भाग पान्याने सोडवा. झिजलेला वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवा.

पण हेच यूट्यूबवर व्हिडिओत बघायला जावं, तर लांबी दहा मिनिटं चार सेकंद. आधी ‘नमस्कार मित्रांनो’. मग चॅनलचं बोधचिन्ह कर्कश संगीतात गरागरा फिरणार. मग मानवी जीवनात पाण्याचं महत्त्व. मग बेलचं बटण. मुख्य कॉक बंद करायचा असतो, हे मात्र खाली कुणीतरी भिजून झाल्यावर लिहिलेलं.

हे सगळे जन्मजात बडबडे असतात असं नाही. यामागे हिशेब आहे. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायची तर तो निदान 8 मिनिटांचा लागतो. 2020 च्या जुलैपर्यंत ही अट 10 मिनिटांची होती, म्हणून जुन्या वॉशरला ती वरची चार सेकंदं. या यूट्यूबवरचा अगदी पहिला व्हिडिओ 2005 चा. त्यात एक तरुण हत्तींसमोर उभा राहून त्यांची सोंड लांब असते एवढं सांगतो आणि 19 सेकंदांत आटोपतं घेतो. विषय हत्तीचा असून!

यावर उपाय बोटांत आहेत. कंप्युटरवर ‘एल’ची कळ दाबली की व्हिडिओ 10 सेकंद पुढे, ‘जे’ची दाबली की 10 सेकंद मागे. 1 ते 9 हे आकडे 10 ते 90 टक्क्यांवर नेऊन सोडतात. मी नमन ऐकतच नाही, सरळ 2 दाबतो. खालच्या पट्टीवर कर्सर नेला की कधीकधी एक उंचवटा दिसतो. लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिलेला भाग तो, आणि बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खात असतं. व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या तर एकेक चित्र मागेपुढे सरकतं. टेफ्लॉनची टेप आट्यांवर कोणत्या दिशेने गुंडाळली हे बघायला दुसरा मार्ग नाही. नापसंतीचा आकडा 2021 च्या नोव्हेंबरपासून झाकलेला आहे, तेव्हा शहाण्याने हत्यार हातात घेण्याआधी खालच्या प्रतिक्रिया ‘नवीन आधी’ लावून वाचाव्यात.

मग बघावं तरी काय? नमनात तेल न घालणारे चॅनलही आहेत. ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’वाला जॉन प्लांट 2015 पासून ऑस्ट्रेलियातल्या रानात माती, काठ्या आणि दगड घेऊन भट्ट्या, कौलं, झोपड्या करतोय, आणि तोंडातून चकार शब्द नाही. सबस्क्राइब करा म्हणायलाही नाही! सगळ्यांना वाटतं की तो काही सांगतच नाही. पण सी दाबून सबटायटल सुरू करा, काय चाललंय आणि का, ते तिथे नीट लिहिलेलं असतं. उलट ‘टेक्नॉलॉजी कनेक्शन्स’चा गृहस्थ डिशवॉशरवर भरपूर बोलतो, पण पाल्हाळ नाही. साबणाची गोळी टाकली की ती मुख्य धुलाईपर्यंत डबीत बंद राहते आणि पहिली धुलाई नुसत्या पाण्यावर होते. म्हणून पावडर वापरा आणि थोडी डबीबाहेरही टाका, हे तो यंत्र उघडून पटवतो. म्हणजे दुखणं लांबीचं नव्हतंच.

गणितासाठी ‘थ्री ब्लू वन ब्राउन’. ग्रँट सँडरसनने त्यातल्या आकृत्या हलवण्यासाठी स्वतःच पायथन या संगणकभाषेत मॅनिम नावाची प्रणाली लिहिली. धोका एकच. आकृती इतकी सुरेख वळते की सगळं समजल्यासारखं वाटतं. वही पुढे ओढली की एक ओळ उतरत नाही. ‘व्हेरिटॅसियम’च्या डेरेक मुलरची पीएच.डी. याच दुखण्यावर आहे. स्वच्छ, सोपं स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना आवडलं, पण मार्क फारसे हलले नाहीत. आधी चुकीची समजूत मांडून मग ती खोडणारा व्हिडिओ गोंधळाचा वाटला आणि मार्क त्याने वाढले. तेव्हा उत्तर येण्याआधी के दाबून थांबवा आणि आपलं उत्तर मोठ्याने सांगा. घरात कुणी नसताना.

एवढी निवड करून ठेवली तरी पाहुण्यांपासून ती वाचवणं वेगळंच. कुणी सहज आपल्या फोनवर दोन भुतांचे व्हिडिओ बघितले की आठवडाभर आपल्या दारात भुतं. ‘रस नाही’ दाबून ती हटत नाहीत. हिस्टरीत जाऊन ते दोन व्हिडिओ काढावे लागतात, मग तीन टिंबांतून ‘या चॅनलची शिफारस नको’. पुढच्या वेळी फोन देतानाच इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी सोय, लावून द्यावा, आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये.

मित्राला शिफारस करताना अख्खा चॅनल कधीच पाठवू नये. कुणी उघडत नाही. एकच व्हिडिओ निवडावा, मुद्दा सुरू होतो त्या क्षणाला तो थांबवून उजवं बटण दाबावं आणि ‘या वेळेपासूनची लिंक’ कॉपी करून पाठवावी. मित्र अंगठा पाठवतो, आणि पाठोपाठ मांजरीचा एक शॉर्ट.