केएमईएक्सच्या आधीचं लॉस एंजेलिस
लेख मस्तच, पण लॉस एंजेलिसच्या स्पॅनिश प्रसारणाची गोष्ट तुम्ही थेट १९६२ च्या केएमईएक्स या स्पॅनिश टीव्ही चॅनलपासून सुरू केलीत, त्यात पेद्रो गोन्झालेझ राहूनच गेला हो! मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया याच्या फौजेत तारखात्याचं काम केलेला हा माणूस, १९३० च्या आसपास लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकच्या केईएलडब्ल्यू रेडिओवर भल्या पहाटे गायचा, कारण तेव्हाचा एअरटाइम स्वस्त आणि कामावर निघालेले मेक्सिकन मजूर त्याच वेळी उठलेले असायचे. मंदीत मेक्सिकन लोकांना ट्रेनमध्ये बसवून परत पाठवत होते, त्याविरुद्ध हा माइकवरून बोलला. १९३४ मध्ये बलात्काराच्या केसमध्ये शिक्षा झाली, फिर्यादी मुलीने नंतर जबाब मागे घेतला तरी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातच ठेवलं, आणि १९४० ला सोडून लगेच मेक्सिकोत धाडलं. किती मोठा अन्याय! प्लीज पुढच्या भागात त्याच्यावर सविस्तर लिहा.